शनिवारच्या गाठी

१० जानेवारी, सोमवार

हरलो! चौदा महिने, चारशे बारा गाठी, आणि आकडेबुवा आज कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवून म्हणतो, "ताई, दोन्ही रेषा चिकटल्यात बघा."

बघितलं. एक रेषा जास्त आकडा आलेल्या बायकांची, दुसरी कमी आकडा आलेल्यांची. दहा वर्षांत कोणाचा कॅन्सर परत आला आणि कोणाचा नाही, ते त्यावरून दिसतं. रेषा एकमेकींपासून लांब जायला हव्या होत्या. या तर जुळ्या बहिणींसारख्या हातात हात घालून चालल्यात.

डोकं थाऱ्यावर यावं म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. स्तनातल्या गाठीचा पातळ काप काचेवर घ्यायचा, रंगवायचा. जी पेशी दुभंगून दोन व्हायच्या तयारीत असते तिच्यात के-आय-६७ नावाचं प्रथिन असतं, ती तपकिरी होते. स्वस्थ बसलेली पेशी निळी. शंभरात तपकिरी किती, तो आकडा. आकडा मोठा म्हणजे गाठ घाईत आहे, तिला केमो. आकडा लहान म्हणजे गाठ निवांत, तिला नुसत्या गोळ्या. गेली तीन वर्षं आमच्या रिपोर्टात हा आकडा जातो आणि डॉक्टर लोक त्याच्याकडे बघून ठरवतात. मोजते मी. एका हातात तपकिरी मोजायचा खटका, दुसऱ्या हातात निळ्या मोजायचा.

तो आकडा खरंच पुढचं सांगतो का, हे सिद्ध करायला आम्ही तळघरातले जुने मेणाचे ठोकळे काढले होते, जुन्या गाठींचे तुकडे त्यात जपलेले असतात. त्या बायकांचं पुढे काय झालं हे फायलींत आहे. मला ते दाखवायचं नाही असा नियम. मी फक्त मोजायचं, जुळवायचं आकडेबुवाने. (हा आठवड्यातून दोनदा येणारा संख्याशास्त्राचा मास्तर. माणूस पोरगेलासा आहे, पण दाढीमुळे बुवा.)

मॅडमना काही नवल वाटलं नाही. विभागप्रमुख त्या. पस्तीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेल्या. "मी पहिल्यापासून सांगत होते, आकडा दिसायला शहाणा असतो. एकतीस मार्चपर्यंत गुंडाळा. एक एप्रिलपासून रिपोर्टातून आकडा बंद."

घरी येऊन भांडी इतकी आदळली की सासूबाईंना ऐकू आली. म्हणजे विचार करा!

११ जानेवारी, मंगळवार

काही नाही. काम केलं.

१४ जानेवारी, शुक्रवार

आज एक गंमत दिसली. गंमत म्हणू की काय म्हणू!

गुंडाळायचं तर नीट गुंडाळू म्हणून जुन्या स्लाइडी क्रमाने लावत होते. दोनशे सात नंबरची सहज मायक्रोस्कोपखाली ठेवली. मधोमध एक पेशी. ऐन दुभंगायच्या क्षणी पकडलेली. आतले धागे मधल्या रेषेवर रांगेत उभे, जणू कोणी शिट्टी मारली की दोन्हीकडे पळणार. असं चित्र पाठ्यपुस्तकात छापतात.

आणि ती पेशी निळी!

कसं शक्य आहे? दुभंगणारी पेशी तपकिरी असायलाच हवी. माणूस जीव खाऊन धावतोय आणि कागदोपत्री झोपलाय?

मॅडमना बोलावलं. त्यांनी उभ्याउभ्या पाहिलं. "रंग चढला नसेल. पुन्हा रंगव." आणि गेल्या. बरोबरच आहे म्हणा. रंग कधीकधी दगा देतो.

१७ जानेवारी, सोमवार

पुन्हा रंगवली. नवी बाटली, ताजा काप. तेच! कापाच्या कडेला तपकिरी पेशींची नुसती झुंबड आणि मधे सगळं निळं, सामसूम. एकाच गावात वेशीवर जत्रेएवढी गर्दी आणि मधल्या चौकात चिटपाखरू नाही असं होतं कधी?

मग चारशे बाराच्या चारशे बारा पुन्हा बघायच्या ठरवल्या. मोजायला नाही. फक्त निळ्या, दुभंगणाऱ्या पेशी शोधायच्या. मॅडमना सांगितलं नाही. डबा खायच्या सुट्टीत करीन.

१९ जानेवारी, बुधवार

आतापर्यंत दीडशे पाहिल्या. सात सापडल्या. घोडं कुठे पेंड खातंय कळत नाही. सर्जन वेगवेगळे, वर्षं वेगवेगळी, बायकांची वयं वेगवेगळी. सातजणींत एक धागा नाही.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो बस आगारात वेळापत्रकं लावतो. जगातली प्रत्येक गोष्ट त्याला बसच वाटते. घास चावत म्हणाला, "वार कोणता होता?"

"कसला वार?"

"गाठ काढली तो वार. आमच्याकडे एखाद्या मार्गावर गोंधळ झाला की आधी वार बघतात. शनिवार-रविवारचं सगळंच वेगळं असतं ना. माणसं कमी."

"अहो, कॅन्सरला काय वार कळतो?"

"कॅन्सरला नसेल कळत," तो म्हणाला, "तुमच्या हॉस्पिटलला कळतो."

सासूबाई म्हणाल्या, "शनिवारी कोण येणारे?"

२० जानेवारी, गुरुवार

नवऱ्याचे पाय धुऊन प्यावेत! (हे त्याला सांगणार नाही. चढून बसेल.)

गाठी येतात त्या खोलीतल्या जुन्या नोंदवह्या काढल्या. प्रत्येक गाठीपुढे तारीख आणि वेळ. सातांतल्या सहा शुक्रवार संध्याकाळ किंवा शनिवार. सहा!

वही दोनदा हातातून पडली.

२२ जानेवारी, शनिवार

सुट्टी असून गेले. गाठी येतात त्या खोलीत नुसती बसून राहिले, शनिवारी काय घडतं बघायला. रखवालदाराला वाटलं घरी भांडण झालंय. त्याने बिचाऱ्याने चहा आणून दिला.

अकराला ऑपरेशनच्या खोलीतून वॉर्डबॉय आला. फॉर्मॅलिन भरलेली प्लास्टिकची बादली, आत गाठ, अख्खी, लिंबाएवढी तरी नक्की, भोवती चरबीचा जाड थर. ठेवली, सही केली, गेला. बस. सोमवारी सकाळी आम्ही येणार तोपर्यंत तिला कोणी हात लावणार नाही.

आणि मी बघतच राहिले. बावीस वर्षं या इमारतीत काढली आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही! फॉर्मॅलिन मांसात शिरतं ते तासाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून इतर दिवशी आम्ही गाठ आली की लगेच उभे काप देतो, म्हणजे ते आतपर्यंत जातं. अख्खी ठेवली तर वरचा भाग टिकतो, आणि आतला भाग फॉर्मॅलिन पोचेपर्यंत तसाच नासत राहतो. बाहेरून शिजलेला, आतून कच्चा बटाटा! नासलेल्या भागात ते प्रथिनच उरत नाही. पेशी धावत होती, पण धावत असल्याची खूण पुसली गेली.

म्हणजे शनिवारच्या गाठीचा आकडा खोटा. आणि चुकेल तेव्हा नेहमी कमीच.

मला तिथेच ती गाठ कापता आली असती. पण शनिवारी, मॅडम हजर नसताना, सुरीला हात लावायची मला परवानगी नाही. मॅडमना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नाही. सर्जनना लावला, ते पुढच्या ऑपरेशनमध्ये. शेवटी बादलीवर वेळ लिहून घरी आले. जीव तिथेच राहिला.

२४ जानेवारी, सोमवार

शनिवारची ती गाठ आज सकाळी मीच कापायला घेतली. कागद वाचला. बाई एकोणचाळीस वर्षांची. पोहायला शिकवते. रिपोर्ट शुक्रवारपर्यंत हवा.

दोन ठोकळे केले. एक नियमाप्रमाणे गाठीच्या मधला. दुसरा अगदी कडेचा, नियमात नसलेला.

२७ जानेवारी, गुरुवार

मधला: सात. कडेचा: चौतीस.

एकच गाठ. एकच बाई. सात म्हणजे गोळ्या घे आणि घरी जा. चौतीस म्हणजे केमो.

दोन्ही स्लाइडी घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. आधी बोलायची तयारी आरशासमोर केली होती. तिथे सगळं विसरले.

"कडेचा ठोकळा कुणी करायला सांगितला?"

"कोणी नाही."

"मग?"

"मीच केला, मॅडम."

"नियम आहे. प्रातिनिधिक भाग. मधला. तुला वाटेल तिथून कापायचं असेल तर उद्या अजून कोणाला अजून काही वाटेल. मग रिपोर्टावर माझी सही कशाला?"

"मॅडम, एकदा बसून बघा. फक्त एक पेशी."

"मला रिपोर्ट संपवायचेत."

मला काय झालं कोण जाणे. बावीस वर्षांत मी या बाईंना उलटून बोलले नव्हते. म्हटलं, "ती पोहायला शिकवते, मॅडम. एकोणचाळीसची आहे. तुमचे रिपोर्ट पाच मिनिटं थांबतील."

वाटलं, गेली नोकरी.

मॅडमनी चष्मा काढला. पुसला. घातला. "खुर्ची सरकव," म्हणाल्या.

दोघींनी बघता येईल असा मायक्रोस्कोप आहे त्यांच्याकडे. समोरासमोर बसलो. मी मधल्या स्लाइडवरची तशीच एक पेशी समोर आणून दिली. मधल्या रेषेवर उभे धागे. निळेशार. मी दुसरी दाखवली. तिसरी. चौथी त्यांनी स्वतःच शोधली. पाचवी पण.

मग म्हणाल्या, "या निळ्या असू शकत नाहीत."

"नाही, मॅडम."

"आणि ही शनिवारची."

"हो. आणि दोनशे सात पण शनिवारची. आणि..." मी सगळं ओकले. बटाटा, बस, वार, बादली. त्यांनी शेवटी विचारलं, "बस आगारात कामाला आहेत का तुझे यजमान?"

"हो."

"त्यांना इकडे नोकरी देऊ." आणि हसल्या! मॅडम हसल्या!! ही तारीख गोंदवून घ्यावी.

२८ जानेवारी, शुक्रवार

रिपोर्ट गेला. चौतीस. खाली मॅडमच्या हातची टीप, की मधला भाग नीट टिकलेला नाही, मोजणी कडेच्या भागावर केली आहे.

सर्जननी तासाभरात फोन केला. मॅडमनी फोनचा आवाज मोठा केला, मला ऐकू यावं म्हणून. "अहो मॅडम, मी तर तिला सांगून बसलो होतो की गाठ फार मोठी नाही, बगलेत पसरलेली नाही, बहुतेक गोळ्यांवर भागेल! हे चौतीस कुठून काढलंत?"

"आमच्या मोजणीबाईंनी काढलं."

"नक्की ना?"

मॅडम एक क्षणही थांबल्या नाहीत. "मी स्वतः मोजलं. मला तेहेतीस आलं. तिचं जास्त बरोबर असेल."

अंगावर मूठभर मांस चढलं. मूठभर कसलं, ओंजळभर!

१ फेब्रुवारी, मंगळवार

आता खरी लढाई. चारशे बारांतले एकूण शहाण्णव शुक्रवार-शनिवारचे निघाले. आकडेबुवा म्हणतो, "ते सरळ वगळू या, ताई." मॅडम म्हणाल्या, "वगळू या नाही. वगळलं की लोक म्हणतील, नको होतं ते फेकलं. शहाण्णवच्या शहाण्णव ठोकळ्यांत कडेचा भाग शोधा, पुन्हा कापा, पुन्हा मोजा."

ज्या बाईंना एकतीस मार्चला गुंडाळायचं होतं त्या हे बोलतायत!

आकडेबुवाने पुन्हा बजावलं, कोण जगलं आणि कोण गेलं हे मला कळता कामा नये. माहीत असलं की हात आपोआप झुकतो म्हणे. कबूल. प्रत्येक ठोकळ्याला त्याने नवा नंबर दिला. मॅडम स्वतंत्र मोजणार, मी स्वतंत्र. एकमेकींना विचारायचं नाही.

१२ फेब्रुवारी, शनिवार

बावीस झाले. मान धरलीय. नवऱ्याने बाम चोळून दिला आणि चोळता चोळता विचारलं, "नोकरीचं काय म्हणाल्या तुझ्या मॅडम?"

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

एकसष्ट. स्वप्नातही तपकिरी-निळं. सकाळी वाटाणे सोलताना मनात मोजत होते. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी गाठी सोडवायच्या असायच्या, मोजायच्या नाही." आणि स्वतःच्याच विनोदावर दहा मिनिटं हसत बसल्या.

६ मार्च, रविवार

शहाण्णवपैकी ब्याण्णव झाले. चारांत कडेचा भाग उरलाच नाही, ते तसे लिहून बाजूला काढले. खटके दोन्ही टेबलावर ठेवले. बोटं अजून हलतायत.

९ मार्च, बुधवार

फाटल्या!!! रेषा फाटल्या!!!

आकडेबुवा सकाळी आला, दार लावलं, दाढी खाजवत उभा राहिला. मी म्हटलं, संपलं. मॅडम म्हणाल्या, "काय ते सांगून टाक बाबा." त्याने पडदा वळवला.

सुरुवातीला दोघी एकाच ठिकाणाहून निघतात. दुसऱ्या वर्षी किंचित अंतर. चौथ्या वर्षी बोट जाईल एवढं. दहाव्या वर्षी तर मधून बस जाईल! मोठ्या आकड्याच्या शंभर बायकांमागे अडतीस जणींचा कॅन्सर परत आलेला. लहान आकड्याच्या शंभरांत अकरा. मॅडमचे आकडे घेतले तरी तेच, माझे घेतले तरी तेच.

"योगायोग?" मॅडमनी विचारलं.

"हजारात एकदासुद्धा नाही," बुवा म्हणाला. आणि त्याचा आवाज फाटला. दाढीवाला माणूस रडायला लागला हो! मग मी. मग मॅडम खिडकीशी जाऊन बाहेर काही तरी फार महत्त्वाचं चाललंय अशा उभ्या राहिल्या.

म्हणजे आकडा खरा होता. खोटा नव्हताच कधी. आपणच त्याचं तोंड दाबलं होतं.

घरी आले. सासूबाईंच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, "जिंकलो!" त्या म्हणाल्या, "कोण हरलं मग?" म्हटलं, कॅन्सर.

१० मार्च, गुरुवार

मॅडमनी सकाळी फळ्यावरची "३१ मार्च" ही तारीख स्वतःच्या हाताने पुसली. खडू फेकला तो थेट कचऱ्याच्या डब्यात. नेम चांगला आहे बाईंचा.

२२ एप्रिल, शुक्रवार

परिषद. सहाशे माणसं, सगळी शिकलेली. मॅडमचं नाव पुकारलं. त्या व्यासपीठावर गेल्या, माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "ही गोष्ट ज्यांच्या नजरेला दिसली त्याच सांगतील." आणि माझ्याकडे बघितलं!

आधी एक शब्द सांगितला नव्हता. सांगितलं असतं तर मी आलेच नसते, हे त्यांना ठाऊक.

तशीच चरफडत व्यासपीठावर चढले. पण पहिली स्लाइड पडद्यावर आली, ती निळी पेशी, भिंतीएवढी, आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. मग बोलत गेले. जसं आहे तसं. बादलीचंसुद्धा सांगितलं. बटाट्याला लोक हसले, चांगलं हसले.

शेवटी पहिल्या रांगेतले एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक उठले. "आपली पदवी कोणती, बाई?"

"पदवी नाही, सर. दोन वर्षांचा तंत्रज्ञाचा कोर्स आणि बावीस वर्षं."

मग म्हणाले, "माझ्या विभागातल्या शुक्रवारच्या गाठींचं काय होतं, हे मला आज सांगता येणार नाही. सोमवारी मात्र सांगता येईल." आणि खाली बसायच्या ऐवजी टाळ्या वाजवत उभे राहिले. मग बाकीचे.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. म्हणाला, "वाराचं श्रेय दिलंस का?"

दिलं. मोठ्याने. नाव घेऊन!

३ मे, मंगळवार

सर्जन स्वतः खाली आले. गेल्या कित्येक वर्षांत ते जिना उतरल्याचं कोणाला आठवत नाही. आता दर शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी एक तंत्रज्ञ हजर राहणार, गाठ आली की अर्ध्या तासात उभे काप, डब्यावर वेळ. "पहिला शनिवार कोणाचा?" त्यांनी विचारलं. माझाच, दुसऱ्या कोणाचा!

१९ मे, गुरुवार

आज खिडकीशी एक बाई आली. डोक्याला रुमाल, भुवया नाहीत, खांदे रुंद. म्हणाली, "सर्जन म्हणाले, इथे एक मोजणीबाई आहेत."

लगेच ओळखलं. खरं म्हणजे मी हिचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. आमच्याकडे माणसं येत नाहीत, त्यांचे तुकडे येतात. पण खांद्यांवरून कळलं. पोहणारी!

"मला त्या बघायच्यात," म्हणाली. "माझ्या पेशी."

असं कोणी मागत नाही. नियम आहे की नाही ठाऊक नाही. मॅडमच्या दाराकडे बघितलं. मॅडमनी न बघितल्यासारखं केलं.

तिला खुर्चीवर बसवलं, एक डोळा मिटायला शिकवलं. बराच वेळ बघत होती. "हे तपकिरी ठिपके?"

"हो. घाईतले."

"केवढी गर्दी." मग म्हणाली, "पाण्यात पोरं अशीच उड्या मारतात. शिट्टी वाजेपर्यंत ऐकत नाहीत." आणि जराशाने, "वाजवली शिट्टी तुम्ही."

"मी नाही. तुमची केमो."

"डॉक्टर म्हणतात, शेवटचे दोन डोस. तब्येतीने छान साथ दिली म्हणे. पुढच्या महिन्यात पाण्यात उतरायचं." तिने डोळा मायक्रोस्कोपवरून उचलला. "आधी गोळ्यांवर सोडणार होते मला. मला तर तेच हवं होतं तेव्हा. तुमच्यावर इतकी चिडले होते मी, काय सांगू!"

दोघी हसलो. जाताना तिने हात हातात घेतला. थंड हात, घट्ट पकड.

आकडा म्हणजे काही भविष्य नव्हे, हे मला कळतं. शंभरांत अडतीस जणींचा परत आला, म्हणजे बासष्ट जणींचा नाही आला. गोळ्यांवरही ती तरली असती कदाचित. पण आज मला हे काही मोजायचं नाही. आज मी खूष आहे.

१३ जून, सोमवार

काम छापून आलं. मॅडमचं, बुवाचं, माझं, तीन नावं. माझं पहिलं! मॅडमनी स्वतः लावलं. नवऱ्याने चार प्रती आणल्या. एक आगारात लावणार म्हणे, वेळापत्रकाच्या शेजारी.

विभागात केक कापला. रखवालदारालासुद्धा बोलावलं. मॅडम केक हातात घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, "आपण जुन्या गाठी तपासल्या. गेल्या तीन वर्षांत जे खरे रिपोर्ट गेले, त्यातले शनिवारचे?"

केकचा घास तोंडातच राहिला.

१७ जून, शुक्रवार

तीन वर्षांत शुक्रवार-शनिवारचे, कमी आकडा दिलेले, एकतीस. चार दिवसांत सगळे कडेकडून पुन्हा कापले. पंचवीस जसेच्या तसे. कमीच होते, कमीच आहेत. जीव भांड्यात पडला!

सहांचा आकडा बदलला.

२४ जून, शुक्रवार

सहापैकी पाचजणी सापडल्या आणि पाचही ठणठणीत! सर्जननी स्वतः बोलावून घेतलं, सगळं खरं सांगितलं, नव्याने तपासण्या लावल्या. कुठे काही नाही. एकीचे उपचार बदलतील, बाकीच्यांवर जास्त लक्ष ठेवायचं. एक बाई म्हणे सर्जनना म्हणाली, "चूक झाली हे सांगायला बोलावणारे तुम्ही पहिलेच डॉक्टर!" विभागात सगळे हसत होते. मॅडमसुद्धा. बुवाने शीळ घातली.

सहावीचा फोन लागत नाहीये. मी म्हटलं, द्या इकडे नंबर, मी लावते.

२७ जून, सोमवार

आज लागला. मुलीने उचलला.

"आई नाहीये. नोव्हेंबरात गेली. काय काम होतं तिच्याकडे?"

समोर तो जुना रिपोर्ट होता. आकडा नऊ. आता सदतीस. खाली "मोजणी" असं छापलेलं आणि पुढे माझी सही, वेलांटी नीट काढलेली.

मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, फोन मागायला. मी दिला नाही.

म्हटलं, "तुम्ही बसलाय का? मला तुम्हाला एक सांगायचंय. जरा वेळ लागेल."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती म्हणाली, "बोला."


मी बोलले.